बांगड्या सोडवायच्या आहेत

प्रश्न

मावशी, मी ३७ वर्षांची आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात राहते, रोज लोकलने अंधेरीला नोकरीला जाते. सासऱ्यांनी २०१९ साली वाडीचा एक तुकडा विकला, त्यातून घर बांधलं. नवं घर म्हणून वस्तू आणायला सुरुवात झाली, ती थांबलीच नाही. रात्री मुलं झोपली की मी फोन घेऊन बसते आणि काहीतरी मागवते. परवा माझ्या पाच वर्षांच्या मुलाने पार्सलवाल्याला नावाने हाक मारली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्रेडिट कार्डांचं थकलं म्हणून ऑगस्टमध्ये आईने लग्नात घातलेल्या चार बांगड्या तारण ठेवल्या, १ लाख २० हजार काढले आणि कार्डं कोरी केली. आता नोव्हेंबर संपतोय आणि कार्डांवर पुन्हा ९० हजार झालेत. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही.

दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा चुकवत नाही. पण प्रार्थनेला बसले की आत काही हलत नाही. फादर २०२५ च्या ज्युबिली वर्षाबद्दल, चर्चच्या पवित्र वर्षाबद्दल सांगतात, ‘आशेचे यात्रेकरू’ म्हणतात, आणि मला वाटतं, ही यात्रा माझ्या दारावरून कधीच पुढे गेली. मैत्रीण म्हणते, एखादी रिट्रीट, म्हणजे निवासी प्रार्थना-शिबिर, कर. मे महिन्यात मुलीचा पहिला कम्युनियन आहे, चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा सोहळा, घरच्यांना ३०० माणसं, हॉल, बँड हवाय. मला तारण वगैरे मोठं काही नको. सकाळी उठावंसं वाटेल एवढी आशा मिळाली तरी पुरे. हे माझं एकटीचंच झालंय की सगळ्यांचं?

– एक आई, वसई तालुका

उत्तर

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या खेपेला एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवल्याची खोड. ‘बांगड्या तारण ठेवल्या’ असं तू लिहिलंस आणि पुढच्याच परिच्छेदात ‘तारण नको’ म्हणालीस. एकच शब्द, एकदा बँकेतला, एकदा देवळातला. आपल्याकडे बाजारात ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी असते, त्याच रस्त्याने पुढे जाऊन आपण चर्चमध्ये तारणाऱ्याची गाणी म्हणतो, आणि कुणालाच अडखळायला होत नाही. बँकेतलं तारण म्हणजे आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणं. ख्रिस्ताचं तारण म्हणजे हवाली गेलेल्याला कुणीतरी येऊन सोडवून नेणं. तुझ्या बांगड्यांबरोबर आणखीही काही त्या तिजोरीत गेलंय असं मला वाटतं. त्याच्याकडे येतेच. आधी पैशांचं बोलू, कारण छप्पर गळत असताना जपमाळ हातात धरली तरी लक्ष बादलीकडेच असतं.

कार्डावरचे ९० हजार हा आधी विझवायचा जाळ आहे. तुझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं, तर एका महिन्याचे ३,१५० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५६७. तू ‘किमान रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे साडेचार हजार भरत असशील, तर मुद्दलातून आठशे रुपयेसुद्धा कमी होत नाहीत. वर नवी खरेदी चालू असेल तर तिला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. त्यामानाने बांगड्यांवरच्या कर्जाचं व्याज बरंच कमी आहे, म्हणून पहिला हात कार्डावर मार. कार्डं कापून टाक असं मी म्हणत नाही, पण फोनमधल्या त्या ॲप्समध्ये कार्डं जतन करून ठेवली असशील ती आज रात्रीच पूस. दरवेळी उठून पर्स शोधायची, सोळा आकडे टाकायचे, एवढ्या खटाटोपात निम्मी खरेदी गळून पडते. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ला भुलू नकोस. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत किंवा हुकलेल्या सवलतीत लपलेलं असतं.

हे सगळं तुला कुठलाही बँकवाला सांगेल. मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

तुझ्या पत्रात एका गोष्टीचा पत्ताच नाही. तू काय काय मागवलंस, ते तू कुठेच लिहिलं नाहीस. इतक्या रकमा, इतक्या तारखा, पण एकाही वस्तूचं नाव नाही. कपडे होते, भांडी होती, मुलांची खेळणी होती, काही कळत नाही. तुला वस्तूंची हाव असती, तर एखाद्या तरी वस्तूबद्दल तू ओळभर लिहिलं असतंस. मला वाटतं तुला हवा असतो तो मधला वेळ, मागवल्यापासून दाराची बेल वाजेपर्यंतचा. ‘उद्या येणार’ ही ओळ. दिवसभर लोकलमध्ये उभी, ऑफिसात खाली मान, घरी आल्यावर डबे, अभ्यास, सासूबाईंची औषधं. अशा बाईला रात्री साडेअकराला कुणीतरी सांगतं, तुझ्यासाठी उद्या काहीतरी येतंय. ते ऐकावंसं वाटण्यात पाप कसलं?

पण बघ, येणाऱ्याची वाट पाहणं हाच तर आपल्या आगमनकाळाचा, नाताळाआधीच्या त्या चार आठवड्यांचा, सगळा अर्थ. बाजाराने तो आपल्यापेक्षा नीट ओळखला आणि सुटा करून विकायला काढला, दोन दोन दिवसांच्या पुड्या बांधून. पुडी सोडली की आतली वस्तू कपाटात जाते आणि वाट पाहणं संपतं. मग दुसरी पुडी. तू आशा हरवलेली नाहीस गं. चिल्लर करून खर्च करते आहेस.

‘सगळ्यांचंच झालंय का?’ विचारलंस. माझं झालं होतं. आमचे हे गेले त्या वर्षी दुपारी टीव्हीवर खरेदीचे कार्यक्रम लागायचे, ते बघून मी फोनवरून तीन डिनर सेट मागवले. तीन! एकटीच्या घरात. दोन अजून खोक्यात आहेत. कुणी येणार नव्हतं जेवायला, पण ताटं येत होती. तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, कारण आपल्याकडे दुःख सांगता येतं, मूर्खपणा सांगता येत नाही.

आता नवऱ्याचं. या बाबतीत मी हट्टी आहे, तेव्हा ऐकून घे. सांगायचं, आणि या आठवड्यात सांगायचं. आधी कन्फेशनला जाऊन, फादरांपुढे चूक कबूल करून मन हलकं करावं असं तुझ्या डोक्यात आलं असेल. जरूर जा. पण फादर गुपित राखतील, हप्ता नाही भरणार. ज्याच्या घरात ते कर्ज आहे त्याला अंधारात ठेवून मिळवलेली शांती चार दिवस टिकते.

कसं सांगू, म्हणशील. बायबलमधली काना गावच्या लग्नाची गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. आपल्याकडे ती लग्नाच्या मिस्साला हटकून वाचतात आणि सगळ्यांचं लक्ष शेवटच्या चमत्काराकडे असतं. मला त्यातलं मारियेचं एकच वाक्य फार मोठं वाटतं. भर मांडवात द्राक्षारस संपला. यजमान कदाचित आत कुठेतरी घाम पुसत असेल, पाहुण्यांना कळू नये म्हणून धडपडत असेल. मारिया मुलाजवळ जाते आणि सांगते की त्यांच्याकडचा द्राक्षारस संपलाय. एवढंच. आण म्हणत नाही, कुणाचा दोष सांगत नाही, त्यांनी आधी हिशेब करायला हवा होता असंही नाही. संपलंय म्हणून सांगते आणि नोकरांना म्हणते, तो सांगेल ते करा.

प्रार्थना यापेक्षा वेगळी काय असते? तुला प्रार्थना होत नाही, कारण तू रोज देवासमोर भरलेलं घर घेऊन बसतेस. वर रंग दिलेला, आत रिकामा रांजण. तिथे बसून ‘धन्यवाद प्रभू, सगळं दिलंस’ म्हणताना जीभ जड होणारच. एकदा म्हणून बघ, माझ्याकडचं संपलंय. देवाला म्हण आणि तेच शब्द नवऱ्याला म्हण. मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बँकेची पावती आणि कार्डांची बिलं पुढ्यात ठेवून. सफाई देत बसू नकोस, सासऱ्यांनी विकलेल्या जमिनीचा विषय काढू नकोस. तो चिडेल. चिडायचा हक्क आहे त्याला. एक रात्र तो बोलणार नाही, कदाचित आठवडाभर. पण तुझ्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी किती जण असंच काहीतरी लपवून बसलेत, हे त्या टेबलावर कळण्याची बरीच शक्यता आहे. त्याच्या डोक्यावर एखादा हप्ता असेल, तर तो कुठून भरतो, हे तुला तरी ठाऊक आहे का?

आपल्या वाडवडिलांना कर्ज आणि मिस्सा हे दोन वेगळे विषय वाटत नव्हते. वसईची कॅथॉलिक बँक १९१८ साली उभी राहिली ती मोन्सिन्योर मोनीस या धर्मगुरूच्या पुढाकाराने. ज्या हातांनी ते प्रसाद देत, त्याच हातांनी त्यांनी पतपेढीच्या वह्या उघडल्या. आणि तुझे फादर ज्या ज्युबिलीबद्दल सांगतात, तिचं मूळ बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात बघ, पंचविसाव्या अध्यायात. सात वर्षं सात वेळा मोजायची, पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा वाजवायचा, की गुलामाने आपल्या घरी जायचं आणि विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत. कायमची विक्री नाहीच, कारण जमीन माझी आहे, असं देव म्हणतो. हे वाचून वसईकराच्या पोटात कालवतं. आपण बावखलं, वाडीतली ती गोड्या पाण्याची तळी, बुजवली, त्यांवर इमारती उठल्या आणि पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलो. ती जमीन काही परत येत नाही. पण पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ ला रोममध्ये ज्युबिलीचं पवित्र दार उघडलं, आणि त्याआधी या वर्षाच्या घोषणापत्रात त्यांनी गरीब देशांची कर्जं माफ करा असंही म्हटलं होतं. ज्युबिली म्हणजे बसने केलेली यात्रा आणि बॅनर, एवढंच आपण घेतलं. ती मुळात ऋणातून सुटण्याची गोष्ट आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना मराठीत वाच, तिथेही ‘ऋण’ हाच शब्द सापडेल. त्याच्या आधीच्या ओळीत भाकर मागितली आहे, तीही रोजची, आजची. वाळवंटात इस्राएली लोकांना मान्ना, देवाने दिलेली रोजची भाकर, मिळायचा, तेव्हा उद्यासाठी राखून ठेवलेल्याचं सकाळपर्यंत काय व्हायचं? किडे पडायचे.

रिट्रीटचं म्हणशील तर, सध्या नको. रागावू नकोस. रिट्रीट वाईट नसते, मी स्वतः केल्या आहेत. पण आता तुझा हात ‘मागव’ या बटणावर इतका बसलाय की तू रिट्रीटही मागवशील. तीन दिवस, निवासासह, परतल्यावर चार दिवस चेहरा उजळ आणि पाचव्या दिवशी पुढची कुठे आहे याचा शोध. एक नव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, झाली की दुसरी, एक प्रवचनकार झाला की त्याच्याहून जोरकस दुसरा. श्रद्धेचीही खरेदी होते, आणि ती खरेदी आहे हे ओळखू येत नाही, कारण पिशवीवर क्रूस असतो.

त्याऐवजी येत्या रविवारपासून सुरू होणारा आगमनकाळ घरातच पाळ. चार मेणबत्त्यांचं ते चक्र तुमच्या चर्चमध्येही ठेवत असतील. त्याची कथा मुलांना सांग. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी येणार? त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्यातल्या दिवसांसाठी लहान, रविवारसाठी मोठ्या. रोज एक लावायची. वाट पाहणं मुलांना डोळ्यांनी बघता येऊ लागलं. बाजारातून तयार चक्र आणू नकोस, म्हणजे झालं! ताटलीत चार मेणबत्त्या उभ्या कर, वाडीत उरलेला कुठलाही हिरवा पाला भोवती ठेव. संध्याकाळी लाव, घरातले सगळे पाच मिनिटं बसा. मुलांनी दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि एक चुकलेली. मोठ्यांनीही सांगायची, ते जास्त कठीण.

तुझा रात्री साडेअकराचा तास उरतो. तो मोकळा ठेवलास तर फोनच तो भरून काढणार. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि त्या तासात झोप. खरंच सांगते, झोप. तुझ्या कोरडेपणातला मोठा भाग नुसता थकवा असणार. बायबलमधला एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली ‘मला मरण दे’ म्हणत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा जेवायला घातलं.

महिन्यातून एका शनिवारी तुमच्या धर्मग्रामातल्या, गरजूंना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल मंडळींबरोबर एखाद्या घरी जा, मुलीला घेऊन. जुन्या कपड्यांचं गाठोडं देऊन परत फिरायचं नाही, बसायचं. चहा दिला तर प्यायचा. ज्या घरी कुणी येत नाही, तिथे दार वाजलं की काय होतं ते बघ. दाराची बेल ही काय चीज आहे, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

कम्युनियनचं मला तुझ्याइतकं टेन्शन नाही. १९१० पर्यंत मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी बहुधा दहा-बारा वर्षांपर्यंत थांबावं लागे. पोप दहावे पायस यांनी ते वय सातच्या आसपास आणलं. मुलाला साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक कळला की पुरे, असा त्यांचा विचार होता. मुलीला एवढं कळावं म्हणून ३०० माणसं लागत नाहीत. पण मी मेजवानीच्या विरोधात नाही हं. काना गावात येशूने सहा मोठे रांजण भरून द्राक्षारस दिला. हिशेब केला तर पाचशे लिटरच्या पुढे-मागे जातो, तेव्हा तो काही कंजूष पाहुणा नव्हता. उत्सव असावा, फक्त व्याजाने आणलेला नसावा. घराच्या अंगणात साठ माणसं बसतील. वाडीतल्या बायकांना स्वयंपाकाला हाक मार, त्यांना आवडेल, पूर्वी तसंच व्हायचं. पांढरा झगा एखाद्या बहिणीचा किंवा मावसबहिणीचा घे, तिने घातलाय म्हणून. सासूबाईंचा आग्रह असेल, तर त्यांना ‘कर्ज झालंय’ हे नवऱ्याने सांगावं, तू नव्हे. पण त्यासाठी त्याला ते आधी माहीत हवं. बघ, परत त्याच टेबलाशी आलो.

आशेचं म्हणशील, तर ज्युबिलीचं बोधचिन्ह चर्चमध्ये लावलं असेल, ते रविवारी नीट बघ. क्रुसाचं खालचं टोक वळून नांगर झालेलं आहे. बायबलमधल्या, इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. पाचूबंदरच्या एखाद्या कोळ्याला विचार, नांगर टाकल्यावर तो कुठे दिसतो? दोर तेवढा दिसतो, ताणलेला. त्या दोराला हात लावून कळतं की खाली काहीतरी धरून आहे. पार्सल मात्र घरी पोचेपर्यंत नकाशावर दिसत राहतं. तुला दिसत राहण्याची सवय लागली आहे, म्हणून देवघरासमोर बसल्यावर वाटतं, इथे काहीच होत नाही. तू मिस्सा चुकवत नाहीस असं लिहिलंस. वरवरचं म्हणून लिहिलं असशील, पण आत काही हलत नसताना दर रविवारी जाऊन बसणं हा तोच दोर आहे, असं मला वाटतं.

आता एक काम. बांगड्यांच्या पावतीवर मुदतीची तारीख असेल. बहुतेक ती पुढच्या ऑगस्टची निघेल. मुदत टळली आणि नोटिशीला उत्तर दिलं नाही, तर सोन्याचा लिलाव होतो, म्हणून ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, सगळ्यांना दिसेल अशी. कार्डं फिटली की तोच हप्ता बांगड्यांकडे वळव. दर महिन्याला किती फिटलं तेही त्याच कॅलेंडरवर लिही, आणि सोडवायला जाशील त्या दिवशी नवऱ्याला आणि मुलीला बरोबर घेऊन जा. माझ्याकडचे दोन डिनर सेट अजून खोक्यातच आहेत. कम्युनियनला ताटं कमी पडली तर कळव.